गौतमीच्या शिक्षणाबाबत जाहीर नोटीस

मारुंजीच्या हैबतरावांची मुलगी गौतमी यंदा पदवीधर झाली आणि तिला पुढे शिकायचं होतं. प्रवेशाची मुदत महिनाअखेरीस संपणार होती. हैबतराव खूश होते. पोरीनं शिकावं असं त्यांना अगदी पोटातून वाटत होतं. पण आयुष्यभर गुंठे विकून त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती, ती म्हणजे हरकती आधी मागवाव्यात. नाहीतर व्यवहार झाल्यावर कुठला तरी चुलत भाचा उगवतो आणि कोर्टात जातो. त्यांनी आपले नेहमीचे वकील इंद्रजितराव यांना गाठलं आणि पेपरात नोटीस दिली.

‘तमाम लोकांस कळविण्यात येते की, कु. गौतमी ही उच्च शिक्षण घेऊ इच्छिते. सदर शिक्षणात कोणाचाही हक्क, हितसंबंध, गहाण, दान, वारसा वा वहिवाट असल्यास पुराव्यासह कळवावे. अन्यथा सदर शिक्षण निर्वेध व बोजाविरहित समजून पूर्ण करण्यात येईल.’

हरकती इतक्या आल्या की सुनावणीला मंगल कार्यालय घ्यावं लागलं. तारीख मिळाली ती नेमकी प्रवेशाच्या शेवटच्या दिवसाची.

पहिले उठले चुलतभाऊ जनार्दन. “दादा, आमचा शैलेश बारावीतच अडकलाय. ही आणखी शिकली तर त्याला पोरगी कोण देईल? घराचा मान सामाईक हाय. एकटीनं वापरायचा न्हाई.”

भावकीचा मान अविभक्त आहे आणि त्याची सरस-निरस वाटणी झालेली नाही, हे वकिलांनी मान्य केलं.

मग वरच्या मजल्यावरचा भाडेकरू अमोघ आला. तो एमटेक होता, हिंजवडीत कामाला. “काका, एज्युकेशनला माझा फुल सपोर्ट आहे. पण सकाळी पाण्याची मोटर गौतमीच लावते. ती गेली तर माझ्या मीटिंगचं काय?”

“आंघोळ हा सुविधाधिकार आहे,” वकील म्हणाले.

शेवटी घोटावड्याचे एक गृहस्थ उभे राहिले. त्यांना कुणीच ओळखत नव्हतं. “आमी अजून तुमचं कुणी न्हाई,” ते म्हणाले, “पण आमच्या पोराचं लग्न व्हायचं हाय. उद्या तुमच्याकडं स्थळ घेऊन आलोच, तर सून लई शिकल्याली निघायला नको.”

हा हितसंबंध संभाव्य असल्यानं सर्वांत बळकट ठरला. गृहस्थांना पुढची खुर्ची आणि दुसरा चहा मिळाला.

तेवढ्यात गौतमी उठली. “आबा, मला सांगायचंय...”

“मिळकतीनं सुनावणीत बोलायचं नसतं,” वकिलांनी समजावलं. हैबतरावांना फार वाईट वाटलं. त्यांनी तिला कोल्ड्रिंक पाठवलं.

दुपारनंतर तडजोड झाली. शिक्षणाच्या चतुःसीमा ठरल्या. पूर्वेस शैलेशचं लग्न, पश्चिमेस पाण्याची मोटर, दक्षिणेस दिवेलागणीआधी घरी परतणं, उत्तरेस भावी सासरा. या हद्दीत राहून गौतमीनं वाटेल तेवढं शिकावं, असं सर्वांनी मोठ्या मनानं मान्य केलं आणि संमतीपत्रावर सह्या केल्या. हैबतरावांचे डोळे भरून आले. “शिकणार! माझी पोर शिकणार!” ते जनार्दनाच्या गळ्यात पडले.

“मिळकतीचं वर्णन तेवढं राहिलं,” पेन उघडत वकील म्हणाले. “शिक्षण कोणतं?”

हैबतरावांनी जनार्दनाकडे पाहिलं, जनार्दनानं अमोघकडे. अमोघनं फोनमध्ये पाहिलं.

“कोणतं का असंना,” घोटावड्याचे गृहस्थ म्हणाले, “आमची हरकत कायम हाय.”

गौतमी समोरच बसली होती. पण मिळकतीला विचारण्याची कायद्यात तरतूद नव्हती. वर्णनाअभावी प्रकरण तहकूब झालं आणि संध्याकाळी प्रवेश बंद झाले.

या अडाणीपणाला तुम्ही हसत असाल, तर खुशाल हसा. पण सगळ्यांच्या हरकती तुम्हीही चवीनं ऐकल्यात. पोरीला नक्की काय शिकायचंय, हे पहिल्या ओळीपासून इथवर तुमच्या तरी कुठं मनात आलं?