तात्यांनी पाहिलेली स्थळं

तात्या निघोजकर कुठल्याही कॉलेजच्या कचेरीत शिरले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, “पानी कुठनं भरता?”

कारकून मान वर करून बघे. समोर फेटा, काखेत छत्री, पिशवीत नारळ आणि पाठीमागे अंग चोरून उभा असलेला मी.

“आजोबा, हे इंजिनिअरिंग कॉलेज आहे.”

“आसंल की. पर पोरं पानी पीत आसतील न्हवं?”

तात्यांना जाऊन महिना झाला. त्यांच्याविषयी लिहायला बसलो की आधी हसू येतं आणि मग हात थांबतो. म्हणून सावकाश लिहितो आहे.

चिंचवड गावठाणात आमच्या भिंतीला भिंत लागून ते एकटेच राहत. मूळचे निघोज्याचे. काम सोयरिकी जुळवण्याचं. चाकणापासून मावळापर्यंत कोणत्या घरी मुलगी उपवर आहे, कोणता मुलगा दिसायला बरा पण बोलताना अडखळतो, कोणाची सासू कजाग आहे, हे सगळं त्यांच्या डोक्यात असे. पुढे पिंपरीत औषधांचा कारखाना उभा राहिला आणि गावातल्या प्रत्येक बापाला आपला मुलगा इंजिनिअर झालेला दिसू लागला. कोणत्या कॉलेजात अर्ज करायचा हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. लोक सवयीने तात्यांकडे गेले. तात्यांनीही सवयीने विचारलं, “घरानं कसलं बगताय?”

त्यांच्या लेखी सगळं सरळ होतं. पोराला आईबापाचं घर सोडून दुसऱ्याच्या घरी नांदायला जायचं आहे. म्हणजे पोर ही मुलगी आणि कॉलेज हे सासर. मग नियम तेच. “एक उंच स्थळ बगायचं, मन राहावं म्हनून. दोन बरोबरीची. अन् एक आतीचं घर. आती न्हाई म्हनत न्हाई.” उंच म्हणजे मुंबईचं कॉलेज. आतीचं घर म्हणजे डिप्लोमा.

पोरांची उमेद त्यांनी कधी वाढवली नाही. शेजारच्या सदाशिवाला मुंबईशिवाय काही दिसत नव्हतं. त्याच्या वडिलांना तात्यांनी ओट्यावर सगळ्यांदेखत सांगितलं, “पोर देखनं हाय, शांत हाय, पर गनितात लंगडतंय. लपवून देऊ नका, सासरी कळल्याबिगर ऱ्हात न्हाई.” सदाशिव पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही. आतीच्या घरी मात्र सुखाने नांदला.

कॉलेजांची माहितीपुस्तकं येत, ती तात्या डोळ्यांजवळ धरून बघत. वाचता येत नसे, पण फोटोवर त्यांचा फार संशय. “समदे फोटू म्होरनंच काडल्यात. मागल्या दाराला काय हाय?” अमावास्येला अर्ज टाकू देत नसत. अर्जाच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावत. एका कचेरीने तो डाग शाईचा समजून सदाशिवाच्या वडिलांकडून नवा अर्ज मागवला होता. त्यालाही तात्यांनी कुंकू लावलं.

मी इंटर सायन्सला होतो त्या वर्षी माझे वडील गेले. मामांनी आईला स्पष्ट सांगितलं, “यंदा कुठं जागा मिळाली तर शिकवतो. नाहीतर कारखान्याच्या फाटकापाशी उभं राहू दे त्याला. दुसरी खेप नाही.” निकाल लागला. वर्ग दुसरा, तोही काठावरचा. आणि माझं डोकं मात्र आभाळात. मी आईला म्हणालो, अर्ज करीन तर मुंबईला आणि पुण्याला. बाकी कुठे नाही.

आईने तात्यांना हाक मारली.

तात्या मला घेऊन आधी पुण्याला निघाले. गाडीत त्यांनी मला पढवलं. “उजवा पाय आदी. मान खाली. इचारलं तेवडंच बोलायचं. फार हुशारी दाखवू नगं, घाबरत्यात मानसं.” कचेरीत पाण्याचा प्रश्न झाला. नळ आहेत, असं उत्तर मिळालं. मग पाणी बारमाही आहे का, घागर कोण उचलतं, नळ उंच आहे का वाकावं लागतं, असं सगळं झालं. कारकून भला माणूस होता. त्याने उठून नळ दाखवला. शेवटी तात्यांनी खाजगी आवाजात विचारलं, “आजून कुनी बगून गेलं का?”

“आजोबा, अर्जांचा ढीग पडलाय.”

बाहेर येऊन तात्या वहाणा घालत म्हणाले, “मानूस ग्वाड बोलला. पर च्या बी इचारला न्हाई. नकार धरून चाल.”

“तात्या, कॉलेजात चहा देत नाहीत!”

“ज्याला सोयरीक करायची आसती त्यो देतो.”

घरी आल्यावर ते म्हणाले, आता बरोबरीची दोन बघू, एक कृष्णाकाठी आहे. मी चिडलो. म्हणालो, “तुम्हाला इंजिनिअर म्हणजे काय ते तरी माहीत आहे का? मला उंचच हवं. खालचं नको.”

एरवी तात्यांनी यावर चार टोमणे मारले असते. त्या दिवशी त्यांनी बशीतला चहा तसाच खाली ठेवला. “उंच उंच करू नगं, पोरा,” एवढंच म्हणाले आणि निघून गेले. दोन दिवस भिंतीपलीकडून त्यांचं खोकणंही ऐकू आलं नाही. आईने माझ्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी मीच त्यांच्या दारात गेलो आणि कृष्णाकाठचा कोरा अर्ज पुढे केला. त्यांनी कुंकवाची डबी शोधली.

मुंबईहून उत्तरच आलं नाही. पुण्याहून नकार आला. मामा येऊन बसले, कारखान्यात ओळख कोणाची, याची चौकशी करू लागले. मी न्हाणीत जाऊन रडलो. त्याच आठवड्यात कृष्णाकाठून होकार आला, तर मामा म्हणाले, “इतक्या लांब? राहू दे.”

तात्या फेटा बांधून आले. “पावनं, होकार आल्यालं स्थळ माघारी धाडलं तर पुन्ना दारात कोन येत न्हाई. पोर उजवतंय तर उजवू द्या.”

मामांना स्वतःच्या तीन मुली उजवायच्या होत्या आणि तात्यांशिवाय ते जमणार नव्हतं. “जाऊ दे तर मग,” ते म्हणाले.

निघायच्या दिवशी चिंचवडच्या स्टेशनावर तात्या आले. हातात दोराचं वेटोळं. नवा कोरा, जाडजूड, एवढा लांब की एक हमाल थांबून बघू लागला.

“हे काय, तात्या?”

“दोर. हिर खोल आसली तर.”

“अहो, तिथं नळ असतील!”

“न्हाई आसले तर? वाकून पानी काडायचं न्हाई. काय वाट्टंल ते झालं तरी वाकायचं न्हाई.” आणि गाडी यायच्या आतच छत्री टेकत ते निघून गेले.

मी हसलो. आई हसली नाही. ती म्हणाली, “पारू म्हणून लेक होती त्यांची. एकुलती. स्वतः स्थळ पाहिलं, फार उंच. दोनमजली घर, दारात घोडी. सगळं पाहिलं, विहीर तेवढी पाहिली नाही. खोल होती, आणि दोर तोकडा. पहिल्याच उन्हाळ्यात पोर वाकली ती गेली.” मग गाडी आली.

वसतिगृहात नळ होता, माझ्या खोलीच्या अगदी दारात. दोर मी खाटेखाली सरकवून ठेवला. मुलं मला दोरवाला म्हणू लागली.

दिवाळीच्या आधी एका दुपारी खाली गलका ऐकू आला. वसतिगृहाचे व्यवस्थापक जिन्यात उभे होते आणि त्यांच्यासमोर फेटा, छत्री, पिशवीत नारळ. गाडी बदलून, बसून बसून तात्या आले होते.

“आपण मुलाचे कोण?” व्यवस्थापकांनी विचारलं.

तात्यांनी छत्री काखेतून काढून जिन्याला टेकवली. मग म्हणाले, “म्हायेरचा मानूस.”

पोरं खो खो हसली. तात्यांचं लक्ष नव्हतं. अभ्यास कसा चाललाय, जेवतोस काय, काही विचारलं नाही. सरळ नळापाशी गेले, तोटी फिरवली. पाणी आलं. बंद केली. पुन्हा फिरवली. ताठ उभं राहून, कुठेही न वाकता हात पाण्याखाली पोचतो ना, ते दोनदा करून बघितलं. मग ओंजळभर पाणी प्यायले आणि तोंड धुतलं, बराच वेळ धुतलं.

शेवटी फेट्याच्या टोकाने तोंड पुसत माझ्याकडे वळले. “स्थळ चांगलं हाय,” म्हणाले, आणि नारळ माझ्या हातात दिला.