तांबड्या बाटलीची आर्णीवर स्वारी

श्री. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, वैशाख मास, रविवार, मुक्काम आर्णी, जिल्हा यवतमाळ. ते दिवशी पारा त्रेचाळीसावर चढोन बसला आणि ऐशा कहरात राजश्री वामनराव आबासाहेब, निवृत्त अव्वल कारकून, यांचे दौलतखान्यात भर दुपारी जी लढाई जाहली, तिचा साद्यंत मजकूर त्यांची नात खुशी, इयत्ता दहावी, लिहिती जाहली. आम्हांस वयपरत्वे पेल्यास हात लावण्याची सक्त मनाई, सबब आमचे हाती लिंबूसरबत आणि कलम. तेव्हा शुद्धीवर राहोन लिहिणारे आम्हीच काय ते खात्रीचे.

लढाईस कारण काय पडिले? तर आबासाहेबांची धाकटी कन्या मिताली, म्हणजे आमची आत्या, हिणे पुण्यास वाईन पारखण्याचा इलम हासिल केला आणि नागपूरच्या एका बड्या हॉटेलाचा खलिता आला जे, सोमवारी चाकरीस रुजू व्हावे आणि कोणत्या जेवणासंगे कोणती वाईन शोभते हे गिऱ्हाइकांस सांगावे. हे ऐकोन आबासाहेब तप्त जाहले. पोरगी दारूच्या धंद्यात गेली ऐसे लोक म्हणतील, मग अब्रूचे काय? आठ दिवस अबोला चालिला आणि मग आबासाहेबांचे फर्मान सुटले जे, परदेशची दारू आपल्या घरच्या पानावर शोभते हे एका बैठकीत सिद्ध करावे, आम्ही हात धुण्यास उठण्याआधी करावे. न जाहल्यास नागपूरचे नाव काढू नये.

मग आत्याने कंबर कसली आणि युरोपातील स्वस्तांतले दोन सरदार निवडिले: एक जर्मनीची पांढरी, अंमळ गोडसर, आणि दुजी स्पेनची तांबडी, जिभेस सुरकुती पाडणारी. पुस्तकाचा हुकूम ऐसा की पांढरी गार असावी आणि तांबडी खोलीच्या तापमानास असावी. त्याबरहुकूम पांढरी फ्रिजात दह्याच्या पातेल्यामागे दडविली आणि तांबडी बैठकीत शोकेसवर, आमच्या वक्तृत्वाच्या ढालीशेजारी, सकाळपासून दिमाखात उभी केली.

आजी रत्नप्रभाबाईसाहेब यांनी रसद सिद्ध केली. प्रथम वांग्याचे भरीत आणि भाकरी मैदानात आली आणि त्यांसंगे पांढरी. आबासाहेबांनी घोट घेतला, तुकडा मोडिला, पुन्हा घोट घेतला आणि फर्माविले, "सरबत हाय हे. दारू आण."

मग पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, झणझणीत रस्सा आला, वर बोटभर तवंग, आणि आत्याने तांबडी ओतिली. आबासाहेबांनी रश्श्याचा भुरका मारिला, त्यावर तांबडीचा मोठा घोट घेतला आणि एकच हलकल्लोळ! आधीच रस्सा जाळ, त्यात वाईन ऊन. कानांतून धूर, नाकातून पाणी, खोकल्याच्या तोफा तीन घरे पलीकडे ऐकू गेल्या.

"मिते, हे वाईन हाय का काढा? गरम काहून हाय वं?"

आमचे तीर्थरूप सलीलराव, आत्याचे थोरले बंधू, यांनी पेल्यास बोट लावोन पाहिले. "आबा, चहा म्हणून प्या नं. फक्त साखर कमी पडली."

आबासाहेबांनी ताट सारिले आणि उठावयास गुडघ्यावर हात ठेविला. आत्याच्या डोळ्यांस पाणी आले. रश्श्याचे म्हणावे, तर तिने रस्सा अद्याप चाखिलाच नव्हता. तेव्हा आजीसाहेबांनी सवाल केला.

"मिते, हे पुस्तक लिहिणारा कुठचा वं?"

"फ्रान्सचा, आई."

"त्याच्या खोलीत मे महिन्यात कुलर लागते का?"

आत्याने कपाळावर हात मारिला: पुस्तकातली खोली फ्रान्सची थंड, आमची त्रेचाळीसाची! मग आत्याने बाटलीस बूच दाबिले, आम्ही ती झडप घालोन उचलिली आणि थेट कुलरच्या टाकीत, गार पाण्यात, मानेपर्यंत बुडविली. परंतु वेळ कैसा काढावा? तेथे आजीसाहेबांनी जी मसलत केली ती सेनापतींनी शिकावी. आबासाहेबांच्या पानात त्यांनी भाताचा डोंगर ओतिला, त्यावर बेसनाचे गोळे कुस्करिले आणि वरून मोहरी-लसणीच्या फोडणीचे कढत तेल. वाढिलेले पान टाकोन उठणे हे आबासाहेबांच्या हातून जन्मात घडले नाही.

"अवं, पोट भरलं माहं!"

"एवढंच घ्या. भात नरम झालाय."

ऐसे तीन वेळा जाहले आणि अर्धा घंटा गेला.

मग तांबडी टाकीतून निथळत आली. आबासाहेबांनी नाइलाजे गोळाभाताचा घास घेतला आणि बेताने घोट घेतला. तेलाने जिभेवर जो गालिचा अंथरिला होता तो तांबडीने झाडोन साफ केला, आणि पुढचा घास पहिल्या घासासारखा चवदार लागला. आबासाहेब बराच वेळ चावत राहिले आणि मग पेला पुढे केला.

"आजून एक गोळा दे. अन् हे बी."

आत्या बाटली धरोन उभीच राहिली. "आबा, मंग मी...?"

"उद्याची नागपूरची पहिली गाडी कितीची हाय?"

"साडेसहाची."

"पाचले उठजो. मी येतो स्टँडवर."

सलीलरावांस राहवेना. "अन् लोकायले काय सांगाचं?"

"सांगजो, माही पोरगी खोलीचं तापमान शिकवाले चालली म्हणा!"

येणेप्रमाणे आबासाहेबांची स्वारी तृप्त होऊन हात धुण्यास उठली आणि आर्णीच्या एका पानावर नागपूर फत्ते जाहले. हा मजकूर त्याच दुपारी लिहोन पुरा केला. कागदाचे कोपऱ्यास तेलाचा डाग पडिला आहे, तो मोहोर समजोन घ्यावा.