अठरा हजारांचा मोर्चा

करी रोडच्या आमच्या चाळीत इंग्रजी कागद आला, की तो वाचायचा मान माझा! नोटीस असो की तार, मी चष्मा पुसला की माणसं चिडीचूप! मग बायकोच्या रक्ताचा रिपोर्ट मी डॉक्टरांच्या आधी वाचला, यात नवल ते काय?

मृणालिनी दोन दिवस पोट धरून पडली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, "रिपोर्ट मिळाला की तडक माझ्याकडे या." मी तडक घरी आलो.

"पांढऱ्या पेशी अठरा हजार!" मी गॅलरीतूनच गरजलो. "चांगल्या माणसाला दहाच्या आत असतात. रोगाशी लढणारं सैन्य आहे हे!"

"म्हणजे बरा मां?" शेजारच्या सुंदराबाईंनी विचारलं.

"अहो, मोर्चाला माणसं जास्त आली तर वाईट कसं?"

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस ते. मोर्चाचा आकडा वाढला की आम्ही खूश. सगळी चाळ खूश झाली.

"पण दुखतंय हो," मृणालिनी भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "डॉक्टरांना दाखवा ना एकदा."

"अठरा हजार लढतायत. थोडं दुखणारच!"

संध्याकाळी ती मोरीत कोसळली. अंग तव्यासारखं तापलेलं. मी आणि शेजारच्या दौलतने तिला खुर्चीत बसवून जिने उतरवले आणि इस्पितळ गाठलं.

सर्जननी रिपोर्ट पाहिला. मग मला पाहिलं.

"हा सकाळपासून तुमच्या खिशात?"

"मला वाटलं, मोर्चाला जितकी माणसं जास्त..."

"मोर्चा एवढा मोठा कधी निघतो हो? सगळं सुरळीत असताना?"

उत्तर मला येत होतं. अपेंडिक्स फुटलं होतं. तिला आत नेलं आणि मी बाकावर तो कागद उलगडत, घडी घालत बसलो. ती गेली असती, तर माझ्या हुशारीने गेली असती.

सहाव्या दिवशी नवा रिपोर्ट मी खालून आणला. आठ हजार! जिन्यातच मला रडू फुटलं. वर वॉर्डात चाळ भेटीला आलेली.

"किती?" सुंदराबाई.

"आठ."

त्यांनी कपाळावर हात मारला. "अगो माझे बाये! धा हजार खय गेले गो?" आणि हंबरडाच फोडला. मागोमाग आणखी तिघींनी.

मृणालिनीने डोळे उघडले. "कोण गेलं?"

तिची नजर माझ्या हातातल्या कागदावर आली.

"पुन्हा तुम्हीच वाचलात?"

या वेळी मात्र मी तडक डॉक्टरांकडे गेलो.