सांगू नका, मिस्टर टकर

“पाव भाजायला कुठं शिकलात?” बर्नाडेटने एवढंच विचारलं होतं. त्यात काही वावगं नव्हतं. फिलाडेल्फियातल्या कुठल्याही बेकरीत भट्टीवर माणूस घेताना हेच विचारतात.

“तुरुंगात,” ऑर्विल टकर म्हणाला. “अकरा वर्षं. रोज नऊशे माणसांचा...”

“थांबा!” बर्नाडेटने दोन्ही कान झाकून घेतले.

बेकरीची नोकरभरती बर्नाडेटकडे होती. नोकरी देऊ करेपर्यंत उमेदवाराला त्याचा गुन्हा विचारायचा नाही, असा शहराचा कायदा. तिने विचारला नव्हताच. पण वकिलाच्या अर्ध्या दिवसाच्या शिबिरातून ती असा धसका घेऊन आली होती, की नुसतं ऐकणंही तिला गुन्हा वाटे.

“माझे कान बाटले,” ती म्हणाली. “तुमची मुलाखत आता दुसऱ्या कुणीतरी घ्यायला हवी.”

दुसरा म्हणजे भट्टीचा मुकादम सॅल. त्याने काही न विचारता ऑर्विलपुढे कणकेचा गोळा टाकला. पन्नाशीचा हा माणूस कणीक अशी काही वळू लागला, की सॅलला राहवेना. “वा! कोण हो उस्ताद तुमचा?”

“जेलचा हवालदार.”

“मेलो! बर्ना, मीपण गेलो गं!”

उरली पॅकिंगची रेनाटा. तिला सक्त ताकीद मिळाली, फक्त थंडीवाऱ्याचं बोल. ती बिचारी बर्फाबद्दल बोलत राहिली.

“बाई, एकदा सांगू द्या की,” ऑर्विल कळवळून म्हणाला. “दोनदा गप्प राहून कामाला लागलो. दोन्हीदा चार दिवसांत कळलं आणि हाकललं. आता कळूनसुद्धा ठेवणार असाल तरच ठेवा.”

“उमेदवार बोलका आहे,” रेनाटाने शेऱ्यात लिहिलं आणि सही केली.

नोकरी देऊ करण्याचं पत्र गेलं. आता गुन्ह्याची चौकशी कायद्याने खुली झाली. आठवड्याने अहवाल आला. तो मागच्या सात वर्षांपुरता होता आणि गुन्हा वीस वर्षांपूर्वीचा.

“कोरा!” बर्नाडेटला हायसं वाटलं. “सुटलात, मिस्टर टकर. आता काही सांगायला नको.”

ऑर्विलने कागद उलटसुलट करून पाहिला. “म्हणजे मी ते केलंच नाही?”

“कागदापुरतं तरी नाही.”

“बाई, पेट्रोल पंपावरचा पोरगा होता. तेवीस वर्षांचा. गल्ला दे म्हटलं, तो घाबरून पळाला आणि मी गोळी झाडली. आजही काठी घेऊन चालतो तो.”

या वेळी बर्नाडेटने कान झाकले नाहीत. तिला फार वाईट वाटलं, त्या पोराचं आणि समोरच्या माणसाचंही. मग तिने शिबिरात मिळालेला छापील कागद काढला, कारण दुसरं काय करायचं ते तिला सुचेना.

“गुन्हा कितपत गंभीर?”

“फार.”

“किती काळ लोटला?”

“वीस वर्षं.”

“या कामाशी त्याचा संबंध?”

खोटं बोलायचं नाही, हे ऑर्विलने ठरवलेलं होतं.

“सगळाच आहे, बाई. तिथं गेलो नसतो तर पाव भाजायला शिकलोच नसतो.”

बर्नाडेटचं पेन अडलं. संबंध असल्यास नोकरी नाकारता येईल, असं खाली स्पष्ट छापलं होतं. तिने भट्टीकडे तोंड करून हाक मारली, “सॅल, संबंध आहे म्हणतायत. काय लिहू?”

सॅल पिठाच्या हातांनी दारात आला.

“लिही,” तो म्हणाला, “अनुभव अकरा वर्षं.”