पश्चिमेचा दोष

वसंतकाका पक्के नास्तिक. घरात देव्हारा नाही, गणपतीच्या वर्गणीवाल्यांशी दरवर्षी भांडण ठरलेलं. आणि शहरातल्या आमच्या गारखेडा भागातल्या निम्म्या घरांची वास्तू त्यांनीच पाहिलेली!

त्याचं असं झालं. नकाशे काढायच्या नोकरीतून काका निवृत्त झाले, तेव्हा दुष्काळाची वर्षं होती. टँकरचा भरवसा नव्हता, तरी शहर आपलं बायपासकडं पसरतच होतं. जिथं नवं बांधकाम दिसेल तिथं काकांची सायकल हजर. "पश्चिमेला खिडक्या नका ठेवू हो, दुपारभर ऊन थेट आत येतं. आधी घराची भूक कमी करा!" भूक म्हणजे विजेची. लोक म्हणायचे, बघू. कोण बघतंय!

एकदा वैतागून आमच्याच प्लॉटवर ते बोलून गेले, "वहिनी, पश्चिमेला दोष आहे. मालकाच्या प्रकृतीला चांगलं नाय." आमच्या ह्यांनी त्याच संध्याकाळी मिस्त्रीला पश्चिमेची खिडकी बुजवायला लावली. झालं, काकांना गुरुकिल्लीच सापडली! उत्तरेचा झरोका म्हणजे कुबेर, गच्चीला पांढरा चुना म्हणजे शांती, पश्चिमेला जिना म्हणजे दोष बाहेरच्या बाहेर. दक्षिणा विचारली की भडकायचे. "फजूल बोलू नका, चहा टाका." हे सगळं घर गार राहायचं गणित होतं, हे कळल्यावरही मी त्या कुबेराला हात जोडते, कारण मे महिन्यातही आमचा हॉल गार असतो.

फसला नाही तो एकटा त्यांचा मुलगा समीर. बापाच्या थापा त्याला लहानपणापासून पाठ. त्यानं बायपासला बंगला बांधला तो पश्चिमेला अख्खी काच लावून, आणि काचेमागं पाळण्यातल्या लेकीची खोली.

वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो होतो. समीरनं गच्चीवरचं सोलर दाखवलं. "बाबा, सरकारची सबसिडी घेतली, घरपट्टीतही सूट मिळेल. जेवढी वीज जाळतो तेवढी वर बनते. झालं की नाही शून्य ऊर्जेचं घर?"

"दोन एसी लावून शून्य? अरे, तुझं सोलर सरकारी लाईनला जोडलेलं, लाईट गेली की तेही बंद पडतं. पोरीच्या खोलीची भट्टी व्हईल."

"तुमची वास्तू लोकांना सांगा, बाबा."

पाहुण्यांसमोर बोलला हो! काका न जेवता निघाले. बापलेकांचं बोलणं बंद झालं, नात दिसायची बंद झाली.

पुढच्या उन्हाळ्यात रिक्षातून जाताना मला काका दिसले. समीरच्या कुंपणाबाहेर, पश्चिमेच्या अंगाला, कडुनिंबाच्या वीतभर रोपाला आंघोळीचं साठवलेलं पाणी घालत होते. गारखेड्यापासून सायकलवर कॅनमधून आणलेलं. मी रिक्षा थांबवली.

"काका, काय करायलात उन्हात? आत तरी जा."

"नाय. तो ऑफिसला गेलाय तवर आटपतो."

"अन् हे झाड मोठं कधी व्हायचं?"

काकांनी काचेकडं पाहिलं. "लई वर्षं लागतील. मी असेन, नसेन. पोरगी दहावीच्या अभ्यासाला बसंल तवर सावली पोचती खिडकीला."

आतून नातीचं रडणं ऐकू आलं. काका क्षणभर फाटकाशी थबकले, मग बेल न वाजवताच रिकामा कॅन सायकलला अडकवून निघून गेले.