खंडेनवमीचा शॉर्टस्टॉप

"वीर दोन वर्षांत प्रोफेशनल होणार. लिहून घ्या!"

हे वाक्य मनोहर खांबेटेने शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या एकूणएक मराठी माणसाला ऐकवून झालं होतं. ऐकणाऱ्यांना बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं आणि खरं सांगायचं तर मनोहरलाही नव्हतं. खेळ शिकला पोरगा, मातीत गुडघे फोडून, आणि छाती फुगली बापाची! असले बाप अमेरिकेत पैशाला पासरी आहेत.

वीर हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला होता. शॉर्टस्टॉप खेळायचा. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, जिथे बॉल विंचवासारखे सरपटत अंगावर येतात. त्या शनिवारी एका प्रोफेशनल क्लबचा स्काउट, म्हणजे नवे खेळाडू हेरणारा माणूस, मॅच बघायला येणार होता. त्याने मान डोलावली तर क्लबची ट्रायल. नाही तर बेसबॉल संपला, इंजिनियरिंग सुरू!

नेमकी त्याच दिवशी खंडेनवमी. मनोहरच्या डॉक्टर बायकोने, नीलांबरीने, सकाळीच देवापुढे आपला स्टेथोस्कोप, मनोहरचा लॅपटॉप आणि वीरचा ग्लव्ह मांडून हळदकुंकू वाहिलं.

"पूजेतलं हत्यार उद्यापर्यंत उचलायचं नाही. वीर जुन्या ग्लव्हने खेळेल."

"स्काउटसमोर जुना ग्लव्ह? डोकं फिरलंय का, नीलू?"

"उचलायचं नाही म्हणजे नाही, मनोहर!"

ती आंघोळीला गेली आणि याने ग्लव्ह उचलला. झेंडूची फुलं झटकली, वीरच्या बॅगेत कोंबला. देवाला काय शिकागोचं टाइमटेबल कळतंय!

मैदानावर धुकं जमिनीलगत साचलं होतं. लांब, आउटफिल्डमधल्या पोरांची नुसती डोकी तरंगत होती, खाली धडच नाही. कुठेतरी एक कुत्रं रडल्यासारखं विव्हळत होतं आणि मग तेही बंद पडलं. मनोहरला उगाचच पूजेतली रिकामी जागा आठवली.

तिथल्या शाळेत प्रत्येक पालकाच्या गळ्यात एक काम मारतात. मनोहरच्या गळ्यात बॉलची बादली होती. बाजूला बसायचं, दवाने ओले झालेले बॉल शाळेच्या मरून टॉवेलने पुसायचे, अंपायरला द्यायचे. थंडीने बोटं वाकत नव्हती. काळे लोकरी हातमोजे घातले तरी दर बॉलनंतर हात जॅकेटच्या खिशात जायचे.

पहिलाच बॉल वीरकडे सरपटत आला. त्याने उचलला, फेकला, पहिल्या बेसवरच्या अमनने झेलला. आउट! मनोहर बादलीवरून हातभर उडाला.

पण अमन आपल्या तळव्याकडेच बघत राहिला.

"डूड... आय ॲम ब्लीडिंग."

तळवा लालभडक. धुतला, तर खाली साधा ओरखडाही नाही! पुढचा बॉल टाकायला पिचरने हातात घोळवला, कपाळावरचं दव पुसलं आणि कपाळभर लाल पट्टा उमटला. मग कॅचरची हनुवटी. मग विरुद्ध टीमच्या पोराचा गाल. ज्याला बॉल शिवेल तो रक्ताळत होता आणि जखम कुणालाच नव्हती. प्रेक्षकांतली बडबड थांबली. एका बाईने छातीवर क्रॉस केला.

अंपायरने बॉल मनोहरपुढे धरला. "हे नीट पुसा."

मनोहरने जीव खाऊन पुसला. बॉल आणखी लाल झाला!

"हे सुरू झालं शॉर्टस्टॉपपासून," अंपायर वीरकडे वळला. "ग्लव्ह दाखव."

ग्लव्हच्या शिवणीत लाल दिसलं. "बॉलला काही फासणं हा गुन्हा आहे, मुला. तू बाहेर..."

"सर, आय डिडंट डू एनीथिंग!"

मनोहरने बादलीमागे दडून घरी फोन लावला.

"नीलू, कोप झालाय! मी पूजेतला ग्लव्ह उचलला आणि इथे सगळ्यांना रक्त येतंय!"

"उचललास? सांगितलं होतं ना तुला!"

"नंतर मार मला! आता वीरला बाहेर काढतायत. देवाला काहीतरी सांग!"

"मनोहर, तुझा उजवा खिसा बघ. वीरला टिळा लावायला मी कुंकवाची पुडी ठेवली होती."

खिशात पुडीचा नुसता फाटका कागद होता. सांडलेल्या कुंकवाचा लाल रंग काळ्या हातमोज्यांनी आणि मरून टॉवेलने पोटात घातला होता. कोप वगैरे काही नाही, कोपऱ्यातला हा शहाणाच मॅचभर सगळ्यांना कुंकू लावत सुटला होता!

तो धावत मैदानात घुसला. "मुलाला सोडा! मी केलं! चुकून! हे बघा हातमोजे!"

"तुम्ही कोण?" अंपायर गरजला.

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मनोहर गेली दहा वर्षं जगत होता! त्याने छाती भरून श्वास घेतला.

"बाबा, प्लीज," मागून वीर पुटपुटला.

मनोहरच्या टाळक्यात प्रकाश पडला. बाप म्हटलं, की बापलेकांनी संगनमत केलं म्हणणार. दोघेही बाहेर! खरं माहीत असलेला कोच बिचारा जमिनीकडे बघत उभा होता.

"मी बादलीवाला," मनोहर म्हणाला.

"बादलीवाल्याने मैदान सोडावं. शॉर्टस्टॉप, ग्लव्ह बदल आणि खेळ."

उरलेली मॅच मनोहरने पार्किंगमध्ये, गाडीच्या धुरकट काचेआड ऐकली. टाळ्या कुणासाठी पडतायत तेही कळेना. शेवटी काचेवर टकटक झाली. धुक्यात एक म्हातारा उभा, टोपीवर क्लबचं चिन्ह, गालावर लाल बोट उमटलेलं.

"बादलीवाले तुम्हीच ना? त्या शॉर्टस्टॉपला ओळखता?"

"ह... हो."

"बाकीची पोरं स्वतःची जखम शोधत होती. हा एकटा पुढचा बॉल मागत होता. ट्रायलला बोलावलंय मी त्याला. म्हटलं वडिलांशी हात मिळवून जावं, तर म्हणाला वडील इंडियात असतात."

मनोहरने हातमोजे सीटखाली सरकवले.

"हो, तिकडेच असतात," तो म्हणाला. "फार बिझी माणूस!"