कप्तान उतरत नाहीत

लाल गाडीचं पोट आणि रस्ता यांच्यामध्ये आडवा तळहात जेमतेम मावत असे. सीट त्याहून फारशी उंच नव्हती. त्यामुळे त्या गाडीत बसणं हे बसणं नव्हतंच, पडणं होतं; आणि पडायला कंबर लागत नाही. उठायला लागते.

दातांच्या डॉक्टरांना हे कळून बरेच महिने झाले होते. घरी गॅरेजच्या तुळईला त्यांनी एक जाड दोर बांधला होता. गाडी उघड्या टपाची, त्यामुळे दोर बरोबर डोक्यावर येई. त्याला लोंबकळून ते बाहेर येत. बायकोनं विचारलं तेव्हा त्यांनी "कव्हर वाळत घालायला" असं सांगितलं. खरं सांगायची सोय नव्हती. ते गॅरेज तिच्या बागेवर उभं होतं. "ही गाडी मी मरेपर्यंत चालवणार," असं म्हणून त्यांनी तिचे गुलाब आणि मधुमालतीचा वेल काढायला लावला होता, आणि तिनं एक शब्द न बोलता रोपं शेजारणीला देऊन टाकली होती. आता गाडी विकायचं ते दर रविवारी ठरवत आणि सोमवारी तोंड उघडत नसत.

रविवारी सकाळी स्पोर्ट्स कारवाल्यांची फेरी निघे. गाडी सगळ्यांत जुनी म्हणून डॉक्टर कप्तान. नियम एकच: कप्तानांना ओव्हरटेक करायचं नाही, ते वळतील तिथं वळायचं. वाटेत चहाला थांबल्यावर बाकीचे उतरत. डॉक्टर गाडीतच बसून इंजिनाकडे कान लावत. "कप्तान गाडीला एकटं सोडत नाहीत," पिवळ्या गाडीचा बिल्डर नव्या लोकांना कौतुकानं सांगे. डॉक्टर चहाही घेत नसत. चहा घेतला की थोड्या वेळानं उतरावं लागतं, हे कारण उघड होतं, पण कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

त्या रविवारी चौकात उजवीकडे वळायचं होतं. डॉक्टरांची मान उजवीकडे वळेना. उजवीकडून काय येतंय ते न बघता तिकडे जाणं बरं नव्हे, म्हणून ते डावीकडे वळले. मागच्या सगळ्या गाड्या निमूट डावीकडे वळल्या.

ती एका कॉलनीची गल्ली निघाली. पुढे भिंत, दोन्ही बाजूंना उभ्या गाड्या आणि मध्ये नवाकोरा स्पीडब्रेकर. असल्या गाड्या स्पीडब्रेकरवरून तिरक्या काढायच्या असतात, पण तिरकं व्हायला जागा नव्हती. डॉक्टरांनी श्वास रोखून सरळ घातली. खर्रर्र आवाज झाला, गाडी पोटावर बसली आणि मागची चाकं नुसतीच फिरू लागली. रांगेच्या शेवटी दुधाचा टेम्पो येऊन उभा राहिला. म्हणजे मागे जाणंही संपलं.

"कप्तान, उतरा," बिल्डर धावत आला. "वजन कमी झालं की ढकलतो."

"नाही."

"दोनच मिनिटं हो!"

"मी गाडी सोडत नाही," डॉक्टर समोर बघत म्हणाले.

मागच्या गाडीतला वकील गहिवरला. "बघा! याला म्हणतात निष्ठा."

"निष्ठा नंतर करा!" वरच्या गॅलरीतून एक बाई ओरडल्या. "माझं दूध अडकलंय तिकडे!"

कॉलनीचा वॉचमन वाकून आत डोकावला. "साहेब, राग मानू नका. पाय आहेत ना?"

शेवटी कप्तानांसकट गाडी उचलायचं ठरलं. "एक, दोन..." एवढ्यात वकिलाच्या कमरेतून बारीकसा आवाज आला आणि तो फुटपाथवर जाऊन बसला. त्यानंतर कुणी वाकेना. डॉक्टरांनी डोळे मिटले. जमीन दुभंगली असती तरी या गाडीतून तिच्यात जाता आलं नसतं.

बिल्डरनं फोन लावला. "वहिनी, ताबडतोब या. कप्तान काही ऐकत नाहीत."

वहिनी टॅक्सीनं आल्या. शाळेत विज्ञान शिकवत; उगाच बोलायची सवय नव्हती. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग वर झाडाकडे पाहिलं. गाडीवर आलेली एक फांदी निरखून म्हणाल्या, "पेलेल." आणि पिशवीतून दोर काढला.

"अगं, हे काय?" डॉक्टर पुटपुटले.

"कव्हर वाळत घालायचंय," त्या म्हणाल्या. "धरा."

वॉचमननं दोर फांदीवरून टाकून बांधला. सगळ्या गल्लीदेखत कप्तान लोंबकळले, कण्हले, वर आले. बिल्डरनं गाडीला हात लावला आणि ती अलगद पुढे सरकली. फुटपाथवरून वकिलाचा आवाज आला.

"वहिनी, हा दोर कुठं मिळतो?"

बिल्डरनंही हळूच पुढे होऊन दोराची जाडी पाहिली.

डॉक्टर बायकोशेजारी उभे होते. वॉचमननं सोडून हातात दिलेल्या दोराकडे बघत म्हणाले, "हा आपला नाही. आपला काथ्याचा होता."

"तो झिजला होता. पावसाळ्याआधीच बदलला मी, तुमच्या लक्षातही आलं नाही. तुटून पडला असतात म्हणजे?"

"म्हणजे तुला..."

"अहो, कव्हर कधी वाळत घातलंत तुम्ही?"

टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. डॉक्टरांनी दोराची गुंडाळी नीट केली आणि तिच्या पिशवीत ठेवली.

"गाडी विकतोय मी," ते म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "दोर राहू दे. वेलाला लागेल."